मर्यादा काठावरच ठरवायची

मान खाली घालून उभा राहू नकोस, गेज बघ. किती दाखवतंय? ३० बार. ५० बार शिल्लक असताना बोटीवर परत यायचं, हे पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं होतं ना? आणि तुझा बडी, डाईव्हचा जोडीदार, कुठे होता? आला नाही? मग तूही जायचं नव्हतंस.

पाणी ओळखीचं आहे म्हणे! मालवणात जन्मलास, लहानपणापासून डुंबतोयस, सगळं मान्य. पण काल नसलेलं जाळं आज त्याच खडकाला अडकलेलं असतं. गढूळ पाण्यात नायलॉनचा तो धागा अंगाला लागेपर्यंत दिसत नाही. पाठीमागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हला गुंतला, तर तिथे तुझा हात नीट पोचतसुद्धा नाही. बडी असता तर त्याने कापून तुला मोकळं केलं असतं. तू एकटा काय करणार होतास?

चल, हिशेब मांड. १८ मीटरवरून परत फिरलास तेव्हा गेजवर ६० बार होते, हे तूच सांगतोस. सिलिंडर ११ लिटरचं, म्हणजे हवा उरली ६६० लिटर. शांत माणसाला पाण्याबाहेर मिनिटाला साधारण २० लिटर हवा लागते. घाबरला की सहज ४०. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणजे घाबरलेल्या माणसाला मिनिटाला ११२ लिटर. वर यायला दोन मिनिटं आणि पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा, यालाच त्या गतीने ३३० लिटर जातात. उरलेल्या हवेत जाळं कापायला तुला मिळतात जेमतेम तीन मिनिटं. दुसरी टाकी नाही, कमरेला सुरी नाही, शेजारी माणूस नाही. आणि ऐक, शांतपणे वर यायला १५ बार पुरले असते. तू ३० संपवलेस. खाली तुझी छाती किती धडधडत होती, हे तू लपवलंस तरी गेज सांगतंय.

‘सर, एकटे जाणारेही असतात.’ असतात. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण असतं, आणि किमान शंभर डाईव्ह नोंदल्याशिवाय त्याला प्रवेश मिळत नाही. ती माणसं स्वतंत्र रेग्युलेटर लावलेली दुसरी टाकी नेतात, कापायची दोन हत्यारं नेतात आणि खोलीची आपली मर्यादा प्रमाणपत्राच्या कार्डावरच्या आकड्याहून कमी ठेवतात. तुझ्या कार्डावरचे १८ मीटर बडी सोबत आहे असं धरून दिलेले आहेत. एकट्यासाठी तो आकडा नाही! हवा बंद झाली तर एका दमात, श्वास न कोंडता, हळूहळू सोडत जिथून वर येता येईल, तेवढीच तुझी खोली. ते तू कधी तपासून पाहिलंयस? नाही. मग कशाच्या जोरावर उतरलास?

तुझी खरी चूक याच्याही आधीची आहे. तू काहीच ठरवून गेला नव्हतास. खाली गेल्यावर ‘आणखी दोन मीटर’, ‘आणखी पाच मिनिटं’ असं मन म्हणतच राहतं. सोबतीला माणूस असला तर तो अंगठा वर करून ‘वर चल’ असं खुणावतो. एकट्याला अडवणारा असतो तो फक्त काठावर ठरवलेला आकडा. किती खोल, किती बारला परत फिरायचं, किती मिनिटं, पाण्याला ओढ किती असली तर उतरायचंच नाही, हे सगळं कोरड्या अंगाने, शुद्धीत असताना लिहायचं. खडकाच्या कपारीत शिरायचं नाही, जाळं दिसलं की मागे फिरायचं. पाण्यात यातला एकही आकडा वाढवायचा नाही. कमी करायला हरकत नाही.

शिवाय किती वाजता वर येणार, कुठे उतरणार, हे किनाऱ्यावर एकालाही सांगितलं नव्हतंस. तू आला नसतास तर मी याच पोरांना त्या गढूळ पाण्यात तुला शोधायला पाठवलं असतं. यांचाही जीव तू पणाला लावला होतास. मी चिडलोय ते त्यासाठी. तू चांगला पाणबुड्या होशील हे मला दिसतंय, म्हणूनच गप्प बसणार नाही.

आजची डाईव्ह लॉगबुकात जशी झाली तशी लिही, ३० बारसकट. उद्यापासून उथळ पाण्यात माझ्यासमोर मास्क काढणं, हवा बंद झाल्यावर वर येणं, सगळं पहिल्यापासून. शंभर डाईव्ह पूर्ण होईपर्यंत एकट्याने उतरण्याचं नावही काढायचं नाही. आणि दर डाईव्हआधी तुझे आकडे स्लेटवर लिहून मला दाखवायचे. स्लेट कोरी दिसली, तर सिलिंडर मिळणार नाही.