काळी, पांढरी आणि थंड हवेचं गाव

वऱ्हाडात शेतकरी रिटायर होत नाही. हातपाय थकले की तो वावरातून धुऱ्यावर येतो, धुऱ्यावरून ओट्यावर येतो आणि ओट्यावरूनच जातो. म्हातारपणी कुठं राहायचं, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही. तो पडतो पेन्शनवाल्यांना. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी ५८व्या वर्षी निवृत्त झालो, तसा तो माझ्याही ओट्यावर येऊन बसला. मुलगा पुण्याला. त्याचं म्हणणं, "बाबा, आता भातकुलीत काय ठेवलंय? इकडे या. हवा चांगली आहे."

थंड देशातली म्हातारी माणसं ऊब शोधत निघतात. इंग्लंडमधले लोक स्पेनच्या किनाऱ्याला जातात, कॅनडातले हिवाळाभर फ्लोरिडात राहतात. आपलं उलटं. आपण गारवा शोधतो. दिशा उलटी असली तरी प्रश्न एकच आहे. शरीराला सोसत नाही, एवढं कारण गाव सोडायला पुरेसं आहे का?

आधी जाण्याची बाजू मांडतो, कारण ती खरी आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढं सरकतो. अकरा वाजले की रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कूलर लावा, डोक्याला दुपट्टा बांधा, कैरीचं पन्हं प्या. तरुणपणी हे सारं पुरतं, साठीनंतर पुरत नाही. त्यातून आमचा हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत, पूर्णेच्या खोऱ्यात तो पसरला आहे. विहीर खणा की बोर मारा, पाणी खारट. ते पिकाला दिलं तर जमीन आवळते, माणसानं प्यायलं तर तब्येत. म्हणून इथली शेती पावसावर आणि मातीत मुरलेल्या ओलीवर चालते. नळ आले, पण नळाला खंड पडला की पुन्हा तोच खारटपणा जिभेवर येतो. आणि रात्री छातीत दुखलं तर अमरावती गाठावी लागते. या गोष्टींना 'मातीची ओढ' म्हणून झाकणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

आता राहण्याची बाजू. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकणारी जमीन, पांढरी म्हणजे माणसांची वस्ती. माझी काळी साडेतीन एकर, ती आता बटईनं दिली आहे. ती सोडणं तसं अवघड नाही. सातबारा पुण्यात बसूनही माझ्याच नावावर राहील. पांढरीचं तसं नाही. तिचा सातबारा नसतो. पीकविम्याचा फॉर्म भरायला, शाळा सोडल्याचा दाखला कसा मिळतो ते विचारायला, सुनेचं आणि सासूचं पटत नाही ते सांगायला माणसं माझ्याकडे येतात. पुण्यात चौथ्या मजल्यावर मी फक्त 'त्यांचे बाबा' असेन.

पण यातही एक खोच आहे. माझी गरज गावाला आहे, की 'गुरुजी' ही हाक ऐकायची गरज मला आहे? आणि उद्या मी अंथरुणाला खिळलो तर काय? शेजारी धावून येतील, यात शंका नाही. पण ते ऐन कपाशीच्या वेचणीतून येतील, त्या दिवसाची मजुरी बुडवून येतील. गावाची सेवा म्हणून राहायचं आणि शेवटी गावावर ओझं व्हायचं, याचाही हिशेब मांडायला हवा.

गाव न सोडणं हाच धर्म, असं कोणी म्हणालं की मला गाडगेबाबा आठवतात. जन्म याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा, १८७६ सालचा. १९०५ साली त्यांनी घर सोडलं, ते कायमचं. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी झोपडीही ठेवली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. ती पेढी आमच्याच तालुक्यातून वाहते. सगळ्यात जास्त गावांचा झालेला हा माणूस एकाही गावाला बांधलेला नव्हता. तेव्हा नुसतं राहणं हे पुण्य नाही आणि नुसतं जाणं हे पाप नाही.

त्याच पेढीवर निम्न पेढी प्रकल्प झाला. त्यासाठी आमच्या तालुक्यातली काही गावं उठली. त्या माणसांना जावंसं वाटतं का, हे विचारलं गेलं नाही. काळीही गेली, पांढरीही गेली. मेळघाटातले कोरकू मजूर दरवर्षी पोटासाठी सपाटीवर उतरतात, त्यांनाही हवापाण्याची निवड नसते. आमच्या गल्लीतला एक मजूर मला म्हणाला, "गुरुजी, तुमाले जायाचं का राहायचं हा इचार तरी हाय. आमाले थो बी नाई." तो टोमणा नव्हता, हिशेब होता. निवड करता येणं ही मोठी मिळकत आहे. ज्याच्याजवळ ती आहे, त्यानं उगाच हुतात्म्याचा आव आणू नये.

हे सगळं मी एकट्यानं तोलत बसलो असतो, तर निर्णय 'माझं गाव' या दोन शब्दांवरच अडला असता. पण घरात दुसरंही माणूस आहे. सौभाग्यवतीचं माहेर परतवाड्याचं. सातपुड्याचा पायथा, गोड्या पाण्याच्या विहिरी, संत्र्याचे बगीचे. एकोणिसाव्या वर्षी ती या खाऱ्या पाण्यावर आली. गाव सोडवत नाही, असं म्हणणारे आपण बहुतेक पुरुषच. आपल्या प्रत्येक घरातल्या बाईनं गाव एकदा सोडलेलंच असतं आणि तिच्या मातीच्या ओढीवर कोणी निबंध लिहिलेला नसतो. म्हणून मी सरळ तिलाच विचारलं, तुला कुठं राहायचं आहे?

ती बराच वेळ तूर निवडत राहिली. मग म्हणाली, "तवा कोनं इचारलं नोतं. आता इचारता तं सांगतो. मी एकडाव उपटून लागली, आता मुळ्या अथीच हायेत. पन उन्हाळ्याचे दोन महिने मले हे घाम अन् हे पानी नोको. पोराकडे जाऊ, नातवाइले पाहू. मिरगाच्या आंधी वापस येऊ."

मी विचारलं, "अन् आपल्यातलं एकच उरलं तं?"

"थे उरलेल्यानं ठरवावं. आजपासून त्याले बांधून नोका ठेवू."

मला वाटतं, या प्रश्नाची नैतिक बाजू तिनं दोन वाक्यांत मोकळी केली. कुठं राहावं याचं एक उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. पण कसं ठरवावं, याची रीत असू शकते. ज्याला आजवर सगळ्यात कमी विचारलं गेलं, त्याला सगळ्यात आधी विचारावं. आपल्या राहण्याचा किंवा जाण्याचा भार कोणावर पडतो, ते पाहावं. आणि आज घेतलेला निर्णय उद्याच्या थकलेल्या माणसावर शपथेसारखा लादू नये.

चैत्र संपता संपता आम्ही पुण्याची गाडी धरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात बडनेऱ्याला उतरतो. पेरणी बटईदाराची असते, पण तिफन वावरात शिरते तेव्हा मी धुऱ्यावर असतो.