आपलं काही खरं नाही

पनवेलच्या आमच्या शाळेत, नववीच्या वर्गात, सहामाहीचे पेपर वाटून झाले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा टेबलापाशी रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "सर, मी कुक्ड आहे."

'कुक्ड' म्हणजे शिजलेला, एवढेच मला ठाऊक. मी म्हटले, "मग मीठ घालायचं राहिलंय का?" वर्ग हसला. तोही हसला.

पुढचे दोन दिवस तो आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, वडिलांचे काम सुटले आहे आणि घरात त्याची शाळा सोडवण्याची भाषा चालू आहे. संध्याकाळी मी मुलीला त्या शब्दाचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "बाबा, कुक्ड म्हणजे आता आपलं काही खरं नाही!"

मी चपापलो. हे तर आमच्याच तोंडचे मराठी!

मुलांचे हे शब्द मोठ्या लांबून येतात. 'कॅप' म्हणजे थाप, हा अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीतला. 'रिझ' म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी; तो ऑक्सफर्डने २०२३ सालचा शब्द म्हणून निवडला. मोबाइलच्या पडद्यावरून हे शब्द पनवेलच्या एस.टी. स्थानकापर्यंत येऊन पोचतात. आपण वडीलधारी माणसे मग भाषा बुडाली म्हणून हळहळतो. पण पोराच्या पाठीवर थाप मारून आपण ज्याला 'शाबास' म्हणतो, तो शब्द फारसीतून आला, हे कोणाच्या ध्यानात असते?

शब्द परके आहेत, ही खरी तक्रारच नव्हे. ते आपल्याला कळत नाहीत, ही तक्रार आहे. पण लहानपणी 'च'ची भाषा बोलताना मोठ्यांना काही कळू नये, हीच तर आपली हौस होती! महानुभावांनीही आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले होते. आपल्या माणसांपुरते एक दार लावून घ्यावे, असे प्रत्येकाला वाटते. उद्या मी वर्गात 'रिझ' म्हणू लागलो, तर परवा मुले तो शब्द टाकून देतील. ते दार त्यांचेच राहू द्यावे.

मात्र कधीकधी त्याच दारावर आतून कोणी टकटक करते. थट्टेच्या शब्दाची एक सोय असते. ऐकणाऱ्याला कळले, तर दुःख पोचले. नाही कळले, तर ती थट्टाच होती, लाज वाटायला नको. 'आपलं काही खरं नाही' असे आपणही हसत हसतच म्हणत आलो आहोत. तेव्हा त्या दिवशी मला शब्दकोश कमी पडला नाही. मुलगा टेबलापाशी रेंगाळला होता, त्याचा आवाज खाली गेला होता. त्याचा अर्थ मुलीला विचारावा लागला नसता.

यंदा फराळाला जमलेल्या पोरांनी असे काही म्हटले, तर कोटी करण्याआधी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहावे.

रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो. शाळेचे काय होणार, ते अजून ठरलेले नाही. उशिरा का होईना, मी त्याला विचारले, "काय झालं रे?" चहा होईपर्यंत तो बोलत राहिला. त्यात मला न कळणारा एकही शब्द नव्हता.