भीती टॉवरची, दुखणे वेळेचे

मोबाइलमुळे तब्येतीला काय होते, हा प्रश्न आपण तीस वर्षे विचारत आलो आहोत. प्रश्न तोच असला तरी त्यामागची भीती बदलत गेली. आधी मेंदूत गाठ होईल म्हणून लोक घाबरले, मग पोरे बिघडतील म्हणून, आणि आता व्यसन लागेल म्हणून. या सगळ्यांत एक गोष्ट सतत निसटत राहिली, असे माझे मत झाले आहे. ती जिथे सर्वांत स्पष्ट दिसते, असे एक ठिकाण म्हणजे कोलकात्याच्या पूर्वेचे न्यू टाउन.

राजारहाटची भातशेते आणि मासळीची तळी होती, तिथे हे शहर आखून वसवले गेले. त्यासाठीचे हिडको हे सरकारी महामंडळ १९९९ साली स्थापन झाले. अ‍ॅक्शन एरिया एक, दोन, तीन अशी वस्त्यांची नावे, शेजारी सॉल्ट लेकचा सेक्टर फाइव्ह, मध्ये इको पार्क, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि विद्यापीठांचे नवे परिसर. विशीत-तिशीत असलेली माणसे इथे मोठ्या संख्येने राहतात. नोकरीनिमित्त आलेली पुण्या-नागपूरची मुलेमुलीही त्यांत भेटतात. त्यांची नोकरी फोनवर, जेवण फोनवर, घरभाडे फोनवर आणि आईशी बोलणेही फोनवरच.

तारांचे आणि लहरींचे कोलकात्याशी नाते जुने आहे. भारतातली पहिली प्रायोगिक तार १८५०-५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर अशी टाकली गेली. १८९०च्या दशकात जगदीशचंद्र बोस यांनी टाउन हॉलमधल्या जाहीर प्रयोगात न दिसणाऱ्या लहरी भिंतीपार पाठवल्या, दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. ज्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते शिकवत, त्याचे आज विद्यापीठ झाले आहे आणि त्याचा दुसरा परिसर न्यू टाउनमध्येच आहे. पुढे ३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. तो भारतातला पहिला मोबाइल कॉल.

त्या काळी गर्दीच्या वेळेत मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे लोक दोन वाक्ये बोलून फोन ठेवत. तब्येतीची चर्चा फारशी नव्हती, कारण कुणाच्याही हातात फोन राहतच नव्हता. वापराला पैशांचा बांध होता, हे आज ध्यानात घ्यायला हवे.

२००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले, हँडसेट स्वस्त झाले, आणि गच्च्यांवर टॉवर दिसू लागले. भीतीचे पहिले पर्व तिथून सुरू होते. २०१० साली मुंबई आयआयटीचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी टॉवरच्या किरणोत्सर्गावर केंद्र सरकारला अहवाल दिला. ३१ मे २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरी ‘२-ब’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा यादीत टाकल्या, आणि सोसायट्यांच्या सभांत टॉवर हा वादाचा विषय झाला. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. त्याच वर्षी राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा आणि रुग्णालयांवरचे टॉवर हटवायला सांगितले.

ही भीती वेडगळ होती, असे मी म्हणणार नाही. तिच्यामुळे नियम कडक झाले आणि संशोधनाला पैसा मिळाला. पण २-ब गटाचा अर्थ फार थोड्यांनी समजून घेतला. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि पूर्व आशियात पारंपरिक पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही आहेत. पुरावा अपुरा आहे, पण शंका मिटलेली नाही, एवढेच तो गट सांगतो. पुढे २०२४ मध्ये, आरोग्य संघटनेनेच मागवलेल्या आढाव्यात १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही. जगभर मोबाइल कैक पटींनी वाढले, पण त्या प्रमाणात मेंदूच्या गाठी वाढल्या नाहीत. फोनच्या लहरींत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. क्ष-किरणांत असते.

आता त्याच कर्करोग संशोधन संस्थेचा दुसरा निष्कर्ष बघा. शरीराचे दिवस-रात्रीचे चक्र बिघडवणारी रात्रपाळी तिने २००७ साली ‘२-अ’ गटात, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ या वरच्या गटात टाकली. २०१९ मध्ये पुन्हा तपासणी झाली आणि रात्रपाळी त्याच गटात राहिली. हे गट पुराव्याचे बळ सांगतात, धोक्याचा आकार सांगत नाहीत. तरीही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. टॉवरविरुद्ध अर्ज झाले, याचिका झाल्या, २०२१ मध्ये अभिनेत्री जुही चावला फाइव्ह-जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. रात्रपाळीविरुद्ध एवढी खळबळ झालेली मला आठवत नाही. न्यू टाउनमध्ये २०११ पासून टाटा मेडिकल सेंटर हे कर्करोगाचे मोठे रुग्णालय आहे. त्याच गावात रात्री दोन वाजता कार्यालयांचे मजले उजळलेले असतात आणि खाली पाळी बदलणाऱ्यांच्या गाड्या उभ्या असतात. तिथल्या तरुणांनी गच्चीवरच्या टॉवरची चिंता केली आणि खालच्या दिव्यांची केली नाही, यात त्यांचा दोष नाही. टॉवर परक्याचा असतो, त्याच्यावर बोट ठेवता येते. पाळी मात्र पगाराला बांधलेली असते.

कामातून येणारी दुखणी समजून घ्यायला बरेच मागे, १७०० सालापर्यंत जावे लागते. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी त्या वर्षी कामगारांच्या आजारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कारकून आणि लेखनिक यांच्या दुखण्यांची त्यांनी पुढे १७१३ च्या आवृत्तीत तीन कारणे सांगितली: सतत बसून राहणे, हाताची एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. तीनशेहून अधिक वर्षांनी सेक्टर फाइव्हच्या मुलाला अस्थिरोगतज्ज्ञ जे सांगतो, ते यापेक्षा फारसे वेगळे नसते.

हवे तर आत्ता स्वतःच्या हातावर तपासून बघा. अंगठा तळहातावर दुमडा, त्यावर चार बोटे मिटा आणि मूठ सावकाश करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो. पण तिथून सणक उठून ती हातात वर गेली, तर अंगठ्याच्या स्नायुबंधावरचे आवरण सुजलेले असू शकते, डॉक्टरला दाखवावे. स्विस शल्यविशारद फ्रित्झ द कर्वेन यांनी या दुखण्याचे वर्णन १८९५ मध्ये केले. पूर्वी ते धुणे पिळणाऱ्या बायकांचे दुखणे मानले जाई, आता अंगठ्याने टाइप करणाऱ्यांमध्येही ते दिसते.

तारायंत्रांच्या काळात हा प्रश्न उघडपणे कामाचा म्हणून पाहिला गेला. तारबाबूंच्या हाताला पेटके येत, बोटे चालेनाशी होत. ब्रिटनने १९०८ साली हा आजार कामगार नुकसानभरपाईच्या यादीत घातला. १९११ च्या सरकारी समितीने त्याची दोन कारणे दिली: कामाचा पुन्हा पुन्हा येणारा शीण आणि त्या माणसाच्या मज्जासंस्थेचा दुबळेपणा. दोन्हींपैकी कोणते खरे, यावर पुढे बराच खल झाला. पण आजार यादीत होता, भरपाईचा हक्क होता.

आपल्या काळात वादाचा काटा दुसऱ्या कारणाकडे, म्हणजे माणसाच्या दुबळेपणाकडे पूर्ण झुकला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा जवळजवळ फुकट झाला आणि १९९५ चा तो पैशांचा बांध कायमचा फुटला. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठीचे क्लिनिक त्याआधीच, २०१४ मध्ये उघडले होते. तिथले काम मोलाचे आहे आणि ज्याला खेळातून किंवा रील्समधून बाहेर पडता येत नाही, त्याला उपचार मिळायलाच हवेत. पण ‘व्यसन’ हा शब्द तिथून बाहेर पडला आणि सगळ्यांनाच लागू झाला. मान दुखते? फोन कमी कर. झोप येत नाही? फोन कमी कर. पोराच्या हातात फोन कोणी आणि कशासाठी दिला, हे विचारायचे राहून गेले.

याच काळात आपल्याकडे एका गावाने वेगळा विचार केला, त्याचे मला फार अप्रूप आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला, की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, गप्पा मारतात. या गावाने कुणा एका पोराला व्यसनी ठरवून समोर बसवले नाही. वेळ सगळ्या गावाची धरली आणि सगळ्यांनी मिळून बंद केली. बाप फोनवर असताना मुलाला रागावणे तिथे आपोआप थांबले. आजवर ऐकलेल्या उपायांत मला हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आता हाच भोंगा न्यू टाउनमध्ये वाजवून बघू. संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीचे सकाळचे साडेनऊ. तिकडचा ग्राहक नुकताच कामाला बसलेला असतो आणि इकडच्या सव्वीस वर्षांच्या मुलीचा दिवसातला महत्त्वाचा कॉल सुरू होतो. कानात हेडसेट, मान लॅपटॉपवर झुकलेली, शेजारी फोनवर ऑफिसच्या ग्रुपचे निरोप. ती फोन कसा बंद करणार?

रस्त्यावर तर चित्र आणखी स्पष्ट आहे. विश्व बांगला गेटच्या चौकात सिग्नलला जेवण पोचवणारी मुले थांबतात. हँडलला फोन बसवलेला, पावसाळ्यात त्यावर प्लास्टिकची पिशवी, पाठीवर किंवा मागे चौकोनी बॅग. सिग्नल तांबडा असेपर्यंत नजर पडद्यावर, हिरवा झाला की एक नजर रस्त्यावर आणि एक नकाशावर. वाहन चालवताना मोबाइल वापरू नका, हे आपण त्यांना सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या मुलाचा मुकादम त्या फोनमध्येच बसलेला आहे. पुढची ऑर्डर, पत्ता, राहिलेली मिनिटे, गिऱ्हाइकाने दिलेले तारे, सगळे तिथेच. त्याला ‘स्क्रीन टाइम कमी कर’ म्हणणे म्हणजे काम सोड म्हणणे होय.

तीस वर्षांत निसटलेली गोष्ट ही आहे. लहरींपेक्षा वेळ मोजायला हवी होती, आणि ती वेळ कोणाची आहे हे विचारायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. कानांचेही तसेच: मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची मर्यादा. इथेही आवाजाला तास जोडलेले आहेत. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्रांच्या आवाजाने येणारा बहिरेपणा व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला होता. तो कायदा कारखान्यांचा. काचेच्या इमारतीत हेडसेट लावून बसलेल्या मुलीपर्यंत तो पोचत नव्हता.

रील्स बघत रात्र घालवणारी मुले आहेत, मान्य. पण दिवसभर दुसऱ्याची वेळ जगल्यावर रात्री बारानंतरचा एक तास त्यांना स्वतःचा वाटतो आणि तो ते झोपेतून काढतात. त्या तासाबद्दल त्यांना रागावण्याआधी आधीच्या बारा तासांचा हिशेब मागितला पाहिजे.

फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन आणि मेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसाच हक्क दिला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी या हक्काचे खासगी विधेयक आधी लोकसभेत मांडले होते आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले. १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर राहता येणार नाही. पण कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे आणि दुकाने व आस्थापना कायदे राज्यांचे आहेत. महाराष्ट्र असो की पश्चिम बंगाल, विधानसभेला ठरवता येईल की कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलणाऱ्या माणसावर कारवाई होणार नाही, रात्रपाळीला मर्यादा असेल आणि मनगट, मान, कान यांची दुखणी कामाची दुखणी म्हणून नोंदली जातील. आपल्या आमदाराला पुढच्या भेटीत हे विचारा. घरातला मुलगा किंवा मुलगी रात्री अकराला कॉलवर असेल, तर तिला फोन ठेव म्हणण्याआधी तिची कामाची वेळ कागदावर किती लिहिलेली आहे, तेही विचारा.