विलंबाचा धनी कोण?

सार्वजनिक कामातील उशीर आपल्याकडे अवर्षणासारखा मानला जातो. तो येतो, लांबतो, आणि त्याचा जाब कोणाला विचारावा हे कोणासच ठाऊक नसते. रस्त्याच्या कामात पैसा खाल्ला गेला तर चौकशी होते. दहा वर्षे खाल्ली गेली तर मुदतवाढ मिळते. पैसा आणि काळ यांत केलेला हा भेद नीतीच्या कसोटीला उतरतो काय?

रस्त्याचा पैसा येतो कोठून, हे आधी पाहू. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि रस्ते निधी उभा राहिला. रस्ता जो वापरतो त्याने त्यासाठी द्यावे, हे त्यामागचे सरळ तत्त्व. २००० सालच्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने पेट्रोल-डिझेलवरील उपकराच्या रूपाने तेच पुढे नेले. २०१६ पासूनच्या मिश्र पद्धतीत तर ४० टक्के रक्कम सरकार बांधकाम चालू असताना देते आणि उरलेली ठेकेदाराला पुढे वर्षानुवर्षे हप्त्यांनी मिळते. म्हणजे आजचा वाहनधारक आणि उद्याचा करदाता दोघेही एका वचनावर पैसे देतात. ज्या वचनाला मुदत नाही, त्याला वचन म्हणणे कठीण.

मात्र प्रत्येक उशीर पाप नव्हे. इंदूरहून धार, झाबुआमार्गे गुजरातकडे जाणाऱ्या महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. वाटेत सरदारपूरला खरमोर पक्ष्यासाठी १९८३ साली घोषित झालेले अभयारण्य आहे. तेथे वन्यजीवविषयक परवानगीसाठी थांबावे लागले, तर ते थांबणे एका मुक्या जिवाचे म्हणणे ऐकण्यासाठी होते. ज्या शेतकऱ्याची जमीन जाते, त्याच्या मोबदल्याची सुनावणीही अशीच. या थांबण्याला धनी आहे, कारण आहे, शेवट आहे. परंतु ऐकून झाले, निर्णय झाला, आणि तरीही कागद टेबलावर पडून राहिला, तर तो उशीर बेवारस होय. माझा आक्षेप या बेवारस उशिराला आहे.

बेवारसपणा कसा निर्माण होतो? संस्थानी काळात देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. त्यांची हद्द वस्तीतूनच जाई. परक्याला त्याचे हसू येई. पण दाद कोणत्या दरबारी मागायची, हे रयतेला निदान माहीत असे. आज एका रस्त्याच्या पात्या मोजू लागलो तर महसूल, वन, वीज, महामार्ग प्राधिकरण, ठेकेदार, बँक अशी बोटे पुरत नाहीत. शासकीय सेवेत आयुष्य घालवल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगता येते: यांतील प्रत्येकाची फाइल स्वतंत्रपणे पाहिली तर ती निर्दोष असते. दोष असतो तो दोन फायलींमधल्या मोकळ्या जागेत, आणि तेथे कोणाचीच सही नसते.

त्या मोकळ्या जागेची किंमत मात्र कोणीतरी मोजतोच. धार जिल्ह्यात, धामनोदच्या अलीकडे आग्रा-मुंबई मार्गावर गणेश घाट लागतो. चौपदरीकरणानंतर त्याच्या तीव्र उतारावर अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन वर्षानुवर्षे माणसे मेली. सुमारे ९ किलोमीटरचा पर्यायी मार्ग खुला व्हायला २०२४ साल संपत आले. उतार धोक्याचा आहे हे ठाऊक झाल्यापासून तो बदलेपर्यंत जे गेले, त्यांच्या मृत्यूची नोंद 'अपघात' अशी होते. ज्ञात धोक्यापुढे अकारण गेलेल्या प्रत्येक महिन्याला हा शब्द लावणे प्रामाणिकपणाचे आहे काय?

वाढीव खर्च अंदाजपत्रकात दिसतो, म्हणून त्याची लाज वाटते. वाट पाहणाऱ्याचे आयुष्य कोणत्याही रकान्यात बसत नाही, म्हणून ते फुकट समजले जाते. उपाय फार मोठा नाही. मुदतवाढीच्या प्रत्येक आदेशात दोन ओळी सक्तीच्या कराव्यात: हे थांबणे कोणाचे ऐकण्यासाठी आहे, आणि तोवर याची झळ कोण सोसत आहे. पहिली ओळ ज्याला लिहिता येणार नाही, त्याने सही करण्यापूर्वी दुसरी वाचावी.