खिशातला ठोकळा

जेफ हॉकिन्स हा कॅलिफोर्नियातला हुशार इंजिनिअर. हुशार माणसांना एक खोड असते: लोकांना काय हवंय ते त्यांना आधीच ठाऊक असतं. १९९२ साली त्याने पाम कॉम्प्युटिंग ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी कॅसिओ, टँडी अशा बड्या मंडळींच्या सोबतीने हातात मावणारा एक संगणक बाजारात आणला. नाव झूमर. ऑफिसातल्या साहेबांनी, फिरतीवरच्या विक्रेत्यांनी तो जवळ बाळगावा अशी अपेक्षा होती. पण भागीदार अनेक, आणि प्रत्येकाला आपलं काहीतरी त्यात घालायचं होतं. यंत्र जाडजूड झालं, महाग झालं, आणि लिहिलेलं अक्षर ओळखायला इतका वेळ घेऊ लागलं की तेवढ्यात माणसाने कागदावर लिहून खिशात टाकलं असतं. लोकांनी पाठ फिरवली. त्याच साली ॲपलचं न्यूटन हे तसंच यंत्र आलं. त्याच्या अक्षरओळखीची तर वर्तमानपत्रातल्या एका गाजलेल्या चित्रमालिकेने यथेच्छ टर उडवली.

माल पडून राहिला की कंपन्या एक तर जाहिरात वाढवतात, नाहीतर गिऱ्हाइकाला नावं ठेवतात. पामच्या लोकांनी झूमर घेणाऱ्यांनाच गाठलं आणि विचारलं, याचं तुम्ही नेमकं करता काय? हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. ‘तुम्हाला अजून काय हवं?’ असं विचारलं असतं तर यादी हातभर लांब झाली असती. मागायला कोणाच्या खिशाला चाट बसते? करता काय, म्हटल्यावर मात्र माणूस जरा आठवून बोलतो.

उत्तरं अगदी साधी आली. भेटीच्या वेळा, पत्ते, फोन नंबर, करायच्या कामांची यादी. टेबलावर संगणक होताच. त्याच्या जागी दुसरा कोणाला नको होता, त्यातली माहिती बरोबर नेता आली म्हणजे झालं. पामवाले इतके दिवस संगणकाशी झुंजत होते आणि गिऱ्हाईक त्यांची तुलना करत होतं कागदी डायरीशी! डायरीशी झुंजणं सोपं नव्हे. ती उघडायला क्षण पुरतो आणि तिची बॅटरी कधी उतरत नाही.

भागीदारांचा उत्साह तोवर मावळला होता. तेव्हा आपणच बनवू, असं ठरवून हॉकिन्स घरी गेला आणि गॅरेजमध्ये करवत घेऊन बसला. शर्टाच्या खिशात बसेल एवढा लाकडाचा ठोकळा कापला. त्यावर पडद्याचं चित्र छापलेला कागद चिकटवला, जेवायच्या चॉपस्टिकचं टोक तासून लेखणी केली, आणि दुसरं काहीही बनवायच्या आधी तो ठोकळा घेऊन हिंडू लागला. मीटिंगमध्ये कोणी विचारलं, बुधवारी मोकळे आहात का, की हा खिशातून लाकूड काढणार, त्यावर टकटक करणार आणि मगच उत्तर देणार. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल ते वाटो. त्याला मात्र कळत गेलं, की ही वस्तू दिवसातून कितीदा बाहेर निघते, कशासाठी निघते, आणि उत्तर किती झटकन मिळालं नाही तर समोरचा चुळबुळ करू लागतो.

पुढे कोणी इंजिनिअर नवी सोय सुचवायला आला, की हॉकिन्स तोच ठोकळा पुढे करायचा आणि विचारायचा, कुठे बसवू, दाखव. असा किस्सा सांगतात.

१९९५ मध्ये मोडेम बनवणाऱ्या यू. एस. रोबोटिक्सने पाम विकत घेतली, पैशांची सोय झाली, आणि १९९६ मध्ये पामचा हा खिशातला संगणक ‘पायलट’ या नावाने बाजारात आला. किंमत २९९ डॉलर. दोन छोट्या बॅटऱ्या. खाली चार बटणं: भेटी, पत्ते, कामं, टिपणं. बंद यंत्राचं पहिलं बटण दाबलं की थेट आजच्या भेटी समोर. स्टँडवर ठेवून एक बटण दाबलं की सगळं संगणकात उतरायचं. सुमारे दीड वर्षात दहा लाख पायलट खपले.

पायलटमध्ये हॉकिन्सची सर्वांत लाडकी करामत होती ग्राफिटी नावाची लिपी. यंत्राला माणसाचं अक्षर कळत नसेल तर माणसानेच अक्षर थोडं बदलावं, असा त्याचा हिशेब. इंग्रजी ए काढायचा तो मधल्या आडव्या दांडीशिवाय, नुसतं छप्पर. टी म्हणजे एक आडवी रेघ आणि तिथूनच खाली. लोकांनी कुरकुर न करता ती गिरवली, कारण गिरवलेलं अक्षर यंत्राला बिनचूक कळायचं.

पुढे २००२ मध्ये हॉकिन्सच्या हँडस्प्रिंग या नव्या कंपनीने ट्रिओ हा फोन काढला. तोवर ऑफिसवाल्यांच्या अंगठ्यांना ब्लॅकबेरीच्या इवल्याशा बटणांची सवय लागली होती. ग्राफिटी ठेवायची की बटणं, याचा निकाल कंपनीने घरात लावला नाही. एकच फोन दोन्ही तऱ्हांनी विकायला ठेवला, एक ग्राफिटीचा आणि एक बटणांचा. गिऱ्हाइकांनी बटणांचा उचलला. त्यानंतर आलेल्या ट्रिओवर बटणंच होती.