झिजून जुळलेलं

सायकलची चेन 'लांबली' असं सगळेच म्हणतात. खरं तर तिचं पोलाद ताणलं जात नाही. चेनची प्रत्येक कडी एका बारीक खिळ्यावर फिरते. तेल आणि धूळ यांचा काळा लगदा त्या सांध्यात शिरतो, खिळ्याला घासत राहतो आणि आत पोकळी पडते. एका कडीची मूळ लांबी अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. तीत मिलिमीटरच्या सहा शतांश भागाइतकी पोकळी पडली, तर डोळ्यांना काहीही दिसत नाही. पण बारा इंचांत अशा चोवीस कड्या येतात आणि पट्टी लावली की दीड मिलिमीटर जास्त भरतो. वाढ म्हणून जे मोजलं जातं, ते असं कमी झालेल्या धातूचं माप असतं.

मी अनुवादाचं काम करते, त्यामुळे क्रियापदावर अडते. 'लांबली' म्हटलं की जे झालं ते चेननं एकटीनं केलं असं वाटतं. 'झिजली' म्हटलं की कुणाशी, हा प्रश्न येतो. झिजायला दोघं लागतात.

हे दुसरं कोण, तर मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, कॅसेट. कड्यांमधलं अंतर वाढलं की चेन दात्याच्या बुडाशी नीट बसत नाही, थोडी वर सरकून बसते. तिथून ओढ लागते आणि दाता एका बाजूनं खरवडत जातो. महिन्यामहिन्यानं त्याचा आकार वाघनखासारखा आकडेदार होतो. डोंगरातल्या सायकलला हे लवकर होतं, कारण चिखल, मुरूम आणि चढ हेच तिचं अन्न. बंगळुरूत तुरहळ्ळीच्या खडकाळ पायवाटांवर एक पावसाळा काढलेली चेन आणि शहरातल्या डांबरावर चाललेली चेन यांचं वय सारखं असलं तरी आयुष्य सारखं नसतं.

आता गंमत अशी, की झिजलेली चेन आणि झिजलेली कॅसेट एकमेकींबरोबर बऱ्यापैकी चालतात. दाते ज्या अंतराला सरावले, ते अंतर चेनकडे आहे. बिघाड होतो तो कुणी चांगल्या बुद्धीनं नवी चेन आणून बसवली की. नवी चेन मापाला अगदी बरोबर, एक कडी इकडची तिकडे नाही. पण चढावर जोर दिला की ती दात सोडते, 'खट्' आवाज होतो आणि पाय पोकळीत जातो. सगळ्यांत जास्त वापरलेल्या चकतीवर हे हमखास होतं. तिथे उभा असलेला माणूस साहजिकच म्हणतो, जुनी होती तेव्हा बरं चाललं होतं, या नव्या चेनमध्येच खोट आहे.

खोट कुणात आहे? माझ्या मते हा प्रश्न सायकलच्या दुकानापुरता राहत नाही.

वस्तूचे भाग बदलण्याबद्दल तत्त्वज्ञानात दोन जुने दाखले आहेत. 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि 'रथ' हे भागांच्या जुळणीला दिलेलं व्यवहाराचं नाव ठरतं. ग्रीकांकडे थीसिअसचं जहाज आहे. एकेक फळी बदलत गेली, तर शेवटी जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्जनं त्यात भर घातली, की काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? हे दाखले ओळखीबद्दल आहेत, आणि त्यासाठी ते पुरेसे आहेत. पण ते भागांना परस्परांबद्दल उदासीन मानतात. एक फळी काढली, तशीच दुसरी बसवली. शेजारच्या फळीला त्याचं सोयरसुतक नाही. सायकलची चेन इथे हरकत घेते. तिच्या बाबतीत काढलेले जुने भाग एकत्र जोडले, तर ते नव्या-जुन्याच्या जोडीपेक्षा चांगले चालतील. भागांच्या अंगावर एकमेकांचा इतिहास असतो, आणि बदली भाग त्या इतिहासाशिवाय येतो.

आपल्या जात्याला हे ठाऊक होतं. दळण भरड पडू लागलं की टाकी लावायची ती दोन्ही तळ्यांना. वरची बिघडली की खालची, असा निवाडा कुणी करत बसत नसे.

अनुवादातही हेच दिसतं. देवलांच्या 'झुंझारराव'मध्ये डेस्डेमोनाची कमळजा झाली आहे. तिचं बोलणं, तिच्याशी बोलणाऱ्यांचा अदबशीरपणा, शपथा, नात्यांचे उल्लेख असं सगळं त्या नावाशी घासून गुळगुळीत झालेलं आहे. आजच्या वाचकाला त्यातला एखादा शब्द खटकला आणि तेवढाच काढून तिथे आजचा शब्द घातला, तर तो शब्द उत्तम असूनही दात सोडेल. शिरवाडकरांनी त्याच नाटकाला पुन्हा हात घातला तेव्हा जुन्याची डागडुजी केली नाही. 'ऑथेल्लो' हे नावही मूळचं ठेवून सगळा संच नव्यानं जुळवला. दोन्ही आज शेल्फवर शेजारी राहू शकतात. पण एकाची चेन दुसऱ्याच्या कॅसेटवर चढत नाही.

पण माणसांचे संच असे शेल्फवर ठेवता येत नाहीत. एक घर डोळ्यांसमोर आणा. आजोबांना वीस वर्षांपासून कमी ऐकू येतं, आणि आजी वीस वर्षं मोठ्यानं बोलते. दोघांचं उत्तम चाललं आहे. नातू पहिल्या पगारातून श्रवणयंत्र आणतो. दुसऱ्या दिवशी आजोबा म्हणतात, 'काय ओरडतेस गं?' तिच्या आवाजात एका रात्रीत काही बदललेलं नाही. तरी घरातले सगळे तिला हळू बोलायला सांगू लागतात, किंवा यंत्र खराब आहे म्हणून ते ड्रॉवरमध्ये जातं. दोन्ही निवाडे चुकीचे आहेत. यंत्र बरोबर आहे, आजीही बरोबर होती. दोष वीस वर्षांच्या जोडीत होता आणि त्याची सोय दोघांनी मिळून केली होती. नव्या सूनबाईंना, नव्या अधिकाऱ्याला, नव्या शिक्षकाला आपण रोज हेच म्हणतो, की तुम्ही येईपर्यंत सगळं नीट चाललं होतं.

इथपर्यंतचं म्हणणं मला पटतं. पण ते इथेच थांबवलं तर घातक आहे. 'जुळलंय ना, मग राहू द्या' हे वाक्य आपल्याकडे फार अन्यायांना पुरलं आहे. घरात शेवटी जेवणारी बाई, दारात बाजूला उभा राहणारा माणूस, यांच्याकडे बोट दाखवून लोक म्हणत आले की त्यांची काही तक्रार नाही. दोघं झिजले म्हणजे सारखे झिजले असं नसतं. आवाज न करता चालणं हा न्यायाचा पुरावा होत नाही. झिजलेली जोडीही गुपचूप चालते, आणि चालता चालता पुढच्या चकतीचे दाते खात राहते.

म्हणूनच सायकल नीट ठेवणारे लोक कानावर विसंबत नाहीत, मोजपट्टी लावतात. अकरा-बारा गिअरच्या चेनला अर्धा टक्का, जुन्या रुंद चेनला पाऊण टक्का भरला, की चेन बदलायची, मग ती कितीही बरी चालत असो. असं वेळेवर केलं तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात आणि नवी चेन पहिल्या दिवसापासून बसते. वेळ टळून गेल्यावर मात्र सगळा संचच बदलावा लागतो. मोटारसायकलवाले तर चेन आणि दोन्ही चकत्या एकाच खोक्यात विकत घेतात, ते याच शहाणपणामुळे. पट्टी दोष कुणाचा ते सांगत नाही. अजून वेळ आहे का, एवढंच सांगते.

वेळ टळली की मोह येतो तो नवं, वरचं काही घेण्याचा. सगळं बदलायचंच आहे, तर जास्त गिअरचं का नको? 2012 मध्ये स्रॅमनं पुढे एकच चकती आणि मागे अकरा असा संच आणला, 2016 मध्ये मागे बारा झाल्या. 2018 मध्ये शिमानोनं बारा गिअरसाठी कॅसेट ज्यावर बसते त्या भागाची रचनाच बदलली. त्यामुळे बारा गिअरची कॅसेट हवी, तर बहुतेक वेळा आधी तो भाग हवा. मग हँडलवरचा खटका, मग मागचा डिरेलर, आणि चेन तर हवीच. ज्याच्या गुडघ्यांना खरंच हलका गिअर लागतो, त्यानं हे जरूर करावं. पण पुष्कळदा झिजेची लाज वाटते म्हणून हे केलं जातं, आणि आठ-नऊ गिअरची चेन-कॅसेट बाजारात स्वस्तात मिळत असताना धड सायकल अडगळीत जाते. दुरुस्ती वस्तूला काय हवं ते विचारते. तो प्रश्न विचारून झाल्यावर नवं घेतलं, तर त्यात वावगं काही नाही.

पोलादाचा झिजलेला दाता पुन्हा वाढत नाही. माणसाचा वाढतो, हळूहळू. आजोबांनी यंत्र रोज तासभर लावावं, आजीनं त्या तासात जवळ बसून बोलावं, आणि तोवर तिच्या आवाजाला कुणी नाव ठेवू नये. जोडीनं झिजलेल्यांना जोडीनंच सवड द्यायला हवी. आणि ज्यांची जोडी अजून नवी आहे, त्यांनी खटखट ऐकू येण्याआधी अधूनमधून पट्टी लावून पाहावी.