नुरा कुस्ती

मध्य प्रदेशातल्या तिगावच्या शाळेच्या ओसरीवर 15 ऑगस्टच्या सत्कारांची बैठक भरली आणि पहिल्याच नावावर अडली. पोर गावातलीच. सातवीपर्यंत इथं शिकली, मग मामाकडे नागपूरला गेली, तिथं ज्युदोच्या नादी लागली आणि यंदा महाराष्ट्राकडून खेळून पदक घेऊन आली.

"पदक तिकडचं, तर शालही तिकडंच पांघरा," पैलवान म्हणाले. सत्तरी उलटली होती, पण पंचक्रोशीत त्यांना आजही कोणी नावानं हाक मारत नसे. "खाल्लं इथलं, खेळली तिकडून. याले बेइमानी नाही तर काय म्हणता?"

दोन-चार माना हलल्या. सरपंचांनी वहीतल्या नावावर पेन टेकवलं, पण काट मारली नाही.

गुरुजींनी विचारलं, "पैलवान, 1956 साली आपली राजधानी कोणती होती?"

"पयले नागपूर. नोव्हेंबरात भोपाळ झाली."

"मग तुम्ही नागपूरशी बेइमान झाले का?"

"आमी कुठं गेलो? सरकारनं नेलं!"

"हं. म्हणजे ही आपल्या पायानं गेली, हाच राग आहे. तर मग आपल्या पायानं गेलेल्या एकाचं ऐका."

गुरुजींनी सांगितलेला माणूस म्हणजे तेहरानचा सईद मोल्लाई. 81 किलो गटातला ज्युदोपटू. 2018 साली बाकूला इराणकडून खेळून जगज्जेता झाला. पुढच्या ऑगस्टात टोकियोच्या निप्पॉन बुडोकानमध्ये तो विजेतेपद राखायला उतरला. हे सभागृह 1964 च्या ऑलिंपिकसाठी, ज्युदोसाठीच बांधलेलं. तिथं तो एकेक लढत जिंकत चालला होता आणि दुसऱ्या बाजूनं इस्राएलचा सागी मुकी जिंकत येत होता. इराण आपल्या खेळाडूंना इस्राएलच्या खेळाडूसमोर उभं राहू देत नाही. स्पर्धा चालू असतानाच मोल्लाईला मायदेशातून फोन आले. माघार घे, अंतिम फेरीपर्यंत जाऊ नकोस. घरच्यांच्या दारात माणसं पोचली आहेत, हेही कानावर आलं. तो सगळं नंतर जाहीरपणे बोलला. इराणच्या संघटनेनं आरोप नाकारले. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघानं मात्र त्या संघटनेला स्पर्धांबाहेर काढलं.

त्या दिवशी उपांत्य फेरीत तो बेल्जियमच्या मातियास कासकडून हरला. मग कांस्यपदकाची लढतही हरला. सुवर्ण मुकीनं नेलं.

ज्युदोत एक गोष्ट फार वाईट आहे. पाठ नीट टेकली की इप्पोन, खेळ तिथंच खलास. माणूस पाडला गेला की पडला, हे वरच्या बाकावरून ओळखू येत नाही.

मोल्लाई घरी परतला नाही. आधी जर्मनीत राहिला. 2019 संपायच्या आत मंगोलियानं त्याला नागरिकत्व दिलं. कुस्ती आणि ज्युदोवर जीव टाकणारा तो देश; त्याचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, 2008 सालचं, ज्युदोतलंच. 2021 च्या फेब्रुवारीत मोल्लाई थेट तेल अवीवला जाऊन खेळला आणि रौप्य घेऊन आला. त्याच जुलैत टोकियो ऑलिंपिक. तेच बुडोकान, तोच 81 किलोचा गट. पाठीवर नाव मंगोलियाचं. अंतिम लढत जपानच्या ताकानोरी नागासेशी झाली, ती अतिरिक्त वेळेत गेली आणि तो हरला.

"म्हणजे दोन्ही बार हरलाच की!" मागून एक पोरगा म्हणाला.

"हो. दोन्ही वेळा हरला," गुरुजी म्हणाले. "त्यातली कोणती हार त्याची स्वतःची, ते पैलवानांनी सांगावं. त्यांचा धंदा तो."

पैलवान हटले नाहीत. "देशानं हुकूम केला तर मानावा लागते. मानला तवा तो इमानी होता. सोडून गेला तवा बेइमान झाला. कितीही पदकं आणो."

हा मुद्दा हलका नव्हता. फौजेत पोरं असलेली घरं ओसरीवर बसली होती. गुरुजीही गप्प झाले.

बोलली ती पैलवानांची वहिनी. वरूडची लेक, लग्न होऊन तिगावात आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली.

"भाऊजी, मी आली तेव्हा मलेबी समदे वरूडची म्हणत. वरूडच्या भाजीत मीठ कमी अन् तिगावच्या भाजीत बरोबर, असं मी कधी केलं नाही. दोन्हीकडं सारखंच टाकलं."

लोक हसले. ती हसली नाही.

"अन् ते लुगडं आठवते का? पोळ्याच्या दंगलीनंतर तुम्ही मले आणलं होतं."

पैलवानांनी मान वर केली.

"गावानं वर्गणी काढून तुम्हाले मैदानात उतरवलं. नाव तिगावचं पुकारलं. तुम्ही समोरच्या पार्टीकडून पैसे घेऊन पाठ टेकली. नुरा कुस्ती. त्याच पैशाचं लुगडं होतं ते. मी नेसली नाही, अजून पेटीत आहे."

ओसरीवर कोणी खोकलंसुद्धा नाही. पैलवानांनी उपरण्यानं तोंड पुसलं. रागावतील असं वाटलं होतं, पण आवाज खाली आला.

"तो मंगोलियावाला आता काय करते, गुरुजी?"

"2022 पासून अझरबैजानकडून खेळायला लागला."

"अजून एक देश?"

"अजून एक."

पैलवान मान हलवत राहिले. ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, आणि पटायलाच हवं असंही नाही. पण सरपंचांकडे वळून ते म्हणाले, "पोरीचं नाव राहू द्या. शाल कोण देनार?"

"तुम्हीच द्या," वहिनी म्हणाली. "पण आधी तिले ती कुस्ती सांगा, मंग शाल द्या."

सरपंचांनी वहीत लिहिलं: शाल व श्रीफळ, हस्ते पैलवान.